दोन घरचा पाहुणा

थायलंडच्या ईशान्य भागात रॉय-एट नावाचा प्रांत आहे. थाई भाषेत या नावाचा अर्थ 'एकशे एक'. आहेराच्या पाकिटावर लिहावा असा शकुनाचा आकडा. बँकॉकपासून सुमारे ५०० किलोमीटर, आजूबाजूला भाताची खाचरं, आणि समुद्र म्हणाल तर जवळपास कुठेच नाही. हा समुद्राचा मुद्दा लक्षात ठेवावा, पुढे त्यावरून मास्तरांची बरीच अडचण होणार आहे.

अशा प्रांतांतल्या शाळांमधून इंग्रजी शिकवायला परदेशी शिक्षक असतात. अमेरिकन असतात, ब्रिटिश असतात, फिलिपिनो तर पुष्कळ असतात. आता भारतीयही सापडतात, आणि भारतीय म्हटल्यावर त्यात एखादा मराठी आलाच. ऑक्टोबरात सुट्टी लागली की तो दिवाळीला घरी येतो. कुणी लातूरला, कुणी डोंबिवलीला. या सगळ्यांचा मिळून आपण एकच मास्तर करू आणि त्याला कराडला पाठवू. गाव बदललं तरी पुढचा मजकूर बदलत नाही.

थाई शाळेचं वर्ष मेच्या मध्याला सुरू होतं. पहिलं सत्र ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात संपतं आणि दुसरं १ नोव्हेंबरपासून धरतात. मधल्या तीन आठवड्यांत दिवाळी सापडली तर मास्तर नशीबवान. २०२५ साली लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं, म्हणजे अगदी खिंडीत गाठलं. २०२४ साली ते नेमकं १ नोव्हेंबरला आलं आणि २०२३ साली १२ नोव्हेंबरला. त्या दोन्ही वर्षी घरच्यांनी मास्तरांना व्हिडिओ कॉलवर फराळाचं ताट दाखवलं. चकली कॅमेऱ्याच्या अगदी जवळ धरून "दिसते का रे?" असं तीन-तीनदा विचारलं. न दिसल्याची मास्तरांची तक्रारच नव्हती.

तारखांची ही ओढाताण एकट्या मास्तरांची नाही. जपानने १९८७ साली 'जेट' नावाच्या योजनेखाली परदेशी तरुणांना शाळांत बोलवायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी ४ देशांतून ८४८ जण गेले. तिथे २५ डिसेंबरला सुट्टी नसते. आणि नाताळचं जेवण म्हणजे केएफसीची तळलेली कोंबडी, तीही आधी नोंदवून ठेवायची. १९७४ च्या एका जाहिरातीने देशाला ही सवय लावली ती अजून सुटलेली नाही. कोरियात नाताळची सुट्टी मिळते, पण एक दिवस. एका दिवसात सोल ते शिकागो आणि शिकागो ते सोल एवढं फक्त सांताक्लॉजला जमतं, कारण त्याला व्हिसा लागत नाही. थायलंडात नाताळला सुट्टी नाहीच. उलट शाळेत कार्यक्रम असतो आणि 'परदेशी शिक्षक' एवढ्या एकाच पात्रतेवर मास्तरांना सांताक्लॉज व्हावं लागतं. लाल झगा, कापसाची दाढी, वर पंखा बंद. मास्तरांनी जन्मात बर्फ पाहिला तो गोळ्यावर सरबत टाकण्याआधीचा. पण थाई पोरांची काही तक्रार नसते.

असो. मास्तर निघतात. रॉय-एटहून रात्रभर बसने बँकॉक. बँकॉकहून मुंबई विमानाने चार-साडेचार तास. मुंबईहून कराड पुन्हा सहा-सात तास, पावसाने यंदा रस्त्याचं काय केलं आहे त्यावर. परदेश हा या प्रवासातला सगळ्यात छोटा तुकडा. घड्याळही फक्त दीड तास मागे करायचं. अमेरिकेहून आलेल्या माणसाला निदान चार दिवस भलत्या वेळी झोपायची सवलत मिळते, दीड तासाचा जेट लॅग मात्र कुणी मंजूर करत नाही. मास्तर सकाळी सहाला दचकून उठतात आणि आई शेजारणीला सांगते, "तिकडे राहून शिस्त लागली हो पोराला." पोराच्या अंगात तेव्हा साडेसात वाजलेले असतात, आणि आठला राष्ट्रगीताच्या रांगेत उभं राहायचं असतं.

दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला जातो, इथवर ठीक. मग पाणी येतं. काचेच्या ग्लासात, खाली ताटली. ज्या घरात मास्तर बावीस वर्षं काठ चेपलेल्या, आजीचं नाव कोरलेल्या स्टीलच्या पेल्याने पाणी प्यायले, त्या घरात त्यांना आता काचेचा ग्लास. आंघोळीला नवाकोरा टॉवेल, म्हणजे पाणी टिपायची सवय नसलेला. त्यांच्या खोलीत शिलाई मशीन आणि कांद्याची दोन पोती राहायला आलेली असतात, म्हणून अंथरूण बैठकीच्या खोलीत. पेला स्वतःच घ्यावा म्हणून स्वयंपाकघरात गेलं की वहिनी म्हणतात, "अहो भावोजी, तुम्ही बसा ना." हे 'तुम्ही बसा' ऐकलं की माणसाने ओळखावं, आपलं नाव रेशन कार्डावर आहे पण घरातून निघालं आहे.

आता गंमत अशी की मास्तर जिथून आले तिथेही ते हेच आहेत. थाई बोलीत भारतीय माणसाला 'खॅक' म्हणतात, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ पाहुणा. गोऱ्या माणसाला 'फरांग' म्हणतात, आणि पेरूलाही फरांगच म्हणतात. शिक्षकांच्या खोलीत एक पेरू आणि एक पाहुणा असे शेजारी-शेजारी बसून वह्या तपासत असतात. दोन घरचा पाहुणा उपाशी, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती ज्याने केली त्याने आपल्या मास्तरांचा पट्टा कितव्या भोकात लागतो ते पाहिलेलं नव्हतं.

कारण थाई माणूस भेटल्यावर "कसे आहात" विचारण्याऐवजी सर्रास "जेवलास का?" असं विचारतो. थेट आपल्या घाटावरच्या माणसासारखा. मास्तर शाकाहारी आहेत, आणि त्याला तिकडे शब्द आहे 'मांगसाविरत'. नीट ऐका: मांसविरती. हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मास्तरांचे डोळे पाणावले. नंतर कळलं की शब्द आपला असला तरी व्याख्या त्यांची आहे. खानावळीतली मावशी भाजीत मांस घालत नाही हे खरं, पण नाम-प्ला म्हणजे माशांचं खारवलेलं पाणी घालते, आणि ते काही मांस नव्हे. ऑक्टोबरच्या आसपास नऊ दिवस शुद्ध शाकाहाराचा उत्सव असतो, दुकानांवर पिवळे झेंडे लागतात. म्हणजे मास्तरांना निर्धास्त जेवता येईल असा वर्षातला एकमेव काळ तोच, आणि तेव्हा ते कराडला निघायच्या घाईत असतात. वर्षभर ते चिकट भात, कच्च्या पपईची कोशिंबीर आणि अंडी यांवर काढतात. त्यात सहा किलो वाढतात. आणि आई दारातच म्हणते, "वाळलास रे."

संध्याकाळी मंडळी जमायला लागतात. मामा येतात, मांडी घालून बसतात, चहा घेतात, वहिनी आत गेल्याची खात्री करतात आणि एक डोळा बारीक करून म्हणतात, "मग? थायलंड?"

या प्रश्नात 'मग' आणि 'थायलंड' यांच्यामध्ये बरंच काही असतं. २०२३ च्या अखेरीस थायलंडने भारतीयांना व्हिसा माफ केला तेव्हापासून तर विचारायलाच नको. सिमेंटच्या डीलरांची सहल, खताच्या डीलरांची सहल, सगळे जाऊन आले. ज्यांना कोल्हापूरला एकटं सोडत नाहीत तेही पट्टाया करून आले. त्यांना तिथला प्रत्येक रस्ता ठाऊक असतो. मास्तरांना एकही ठाऊक नसतो, कारण ते राहतात समुद्रापासून मैलोन्‌मैल लांब, भातात. "आमच्याकडे थुंग कुला रोंगहाय म्हणून मोठं माळरान आहे," मास्तर सांगू लागतात, "तिथला होम-माली तांदूळ जगप्रसिद्ध आहे. पूर्वी कुला नावाचे व्यापारी ते माळरान तुडवताना इतके दमले की रडले, म्हणून त्याचं नाव 'कुला रडले ते मैदान'." मामा बराच वेळ गप्प राहतात. मग म्हणतात, "तांदूळ बघायला एवढ्या लांब? आपलं भोर काय वाईट होतं?"

यानंतर मामाच त्यांना थायलंडची माहिती देतात.

दुसरा प्रश्न जास्त झोंबतो. "तिकडे इंग्रजी? आणि शिकवणार तू?" प्रश्न रास्त आहे. मास्तर मराठी शाळेतले. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी २००० साली आली. त्याआधीच्या पिढीला एबीसीडी भेटली ती पाचवीत, तोवर बाराखडी हाडात गेलेली. दहावीला इंग्रजीत काठावर सुटलेला मुलगा परदेशात इंग्रजी शिकवतो, हे ज्यांनी त्याची प्रगतिपुस्तकं पाहिली आहेत त्यांना पचत नाही. त्यांच्या सातवीतल्या, इंग्रजी माध्यमातल्या पुतणीला तर मुळीच नाही. ती मास्तरांचं एकेक वाक्य ऐकून घेते आणि आजीच्या कानात काहीतरी सांगते. आजी मोठ्यांदा म्हणते, "असू दे गं, तिकडे चालत असेल."

चालतं, पण सहज नाही. कोरियाने १९९५ मध्ये सरकारी शाळांसाठी अशीच योजना काढली, तिचे दरवाजे फक्त ७ देशांच्या नागरिकांना उघडे आहेत: अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. थायलंड त्या मानाने मोकळा, तरी 'नेटिव्ह स्पीकर पाहिजे' ही ओळ जाहिरातीत असतेच, आणि बाकीच्यांनी आधी स्वतःच इंग्रजीची परीक्षा देऊन गुणपत्रक दाखवायचं. भाषाशास्त्रज्ञ ब्रज कच्रू यांनी १९८५ मध्ये जगातल्या इंग्रजीची तीन वर्तुळं आखली. आतल्या वर्तुळात ज्यांची ती मातृभाषा, बाहेरच्यात भारतासारखे जुने वसाहती देश, आणि त्याच्याही पलीकडे पसरत्या वर्तुळात थायलंड, जपान वगैरे. कच्रू स्वतः काश्मीरचे. मास्तर म्हणजे बाहेरच्या वर्तुळातून निघून पसरत्या वर्तुळात पोचलेला आणि दोन्हीकडे आतल्या वर्तुळाचा दाखला मागितला जाणारा माणूस.

आणि तरीही, थायलंडात इंग्रजी शिकवणारी जगातली सगळ्यात प्रसिद्ध बाई आपल्या नगरची होती.

ही थाप नव्हे. अ‍ॅना लिओनोवेन्स. जन्म १८३१, अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर. बाप कंपनी सरकारच्या फौजेत सार्जंट, मुलगी जन्मण्याआधीच वारला. बालपण छावण्यांमधून गेलं, १८४९ साली पुण्यात लग्न झालं, पुढे पिनांगला नवरा गेला आणि पदरात दोन मुलं घेऊन या बाईने सिंगापूरला शाळा काढली. सयामचा राजा मोंगकुट तेव्हा आपल्या मुलाबाळांसाठी आणि राण्यांसाठी इंग्रजी शिक्षिका शोधत होता. अट एकच, इंग्रजी शिकवावी, धर्म शिकवू नये. १८६२ मध्ये अ‍ॅनाबाई बँकॉकला रुजू झाल्या. त्यांच्या आठवणींवरून १९४४ मध्ये कादंबरी आली, १९५१ मध्ये 'द किंग अँड आय' ही संगीतिका, १९५६ मध्ये चित्रपट. थायलंडात त्या चित्रपटावर बंदी आली, कारण आपला राजा असा तोंडाला येईल ते बोलत नाचत होता हे थाई लोकांना मान्य नाही. त्यांचं म्हणणं असं की बाईंनी फार वाढवून सांगितलं.

वाढवून सांगायची सवय बाईंना होतीच. जन्म नगरचा हे त्यांनी आयुष्यभर कुणाला कळू दिलं नाही. सगळ्यांना सांगत, मी वेल्सची. 'नेटिव्ह स्पीकर पाहिजे' ही ओळ त्या काळीही होती, फक्त छापलेली नव्हती. ही लपवाछपवी उघडकीला आली बाई वारल्यावर साठेक वर्षांनी, आणि ती आणली डब्ल्यू. एस. ब्रिस्टो नावाच्या गृहस्थाने, जो मुळात कोळ्यांचा अभ्यासक होता. म्हणजे जाळी विणणाऱ्या कोळ्यांचा. लंडनमध्ये बाईंच्या मुलाच्या जन्माची नोंद सापडेना, तेव्हा त्याने धागा धरून ओढला. अ‍ॅनाबाईंच्या बहिणीचा नातू बोरिस कार्लोफ, १९३१ च्या चित्रपटात ज्याने फ्रँकेनस्टाइनचा राक्षस केला तो. घराण्यातच मुखवट्याची कला होती म्हणायची.

पण मास्तरांना या गोष्टीतला वेगळाच भाग लागतो. १८६७ मध्ये बाईंनी रजा घेतली. प्रकृतीचं कारण, आणि घर म्हणून गेल्या इंग्लंडला. खरं माहेर नगर, तिकडे फिरकल्या नाहीत. तिथून त्या पत्रं लिहून वाढीव पगाराची बोलणी करत होत्या. ऑक्टोबर १८६८ मध्ये राजा मोंगकुट वारला. गादीवर आला त्यांचाच विद्यार्थी चुलालोंगकोर्न. त्याने बाईंना आभाराचं मोठं प्रेमळ पत्र लिहिलं. परत या असं मात्र त्यात कुठेही नव्हतं. परदेशात इंग्रजी शिकवून सुट्टीवर गेलेल्या प्रत्येक माणसाच्या पोटात जो गोळा असतो, त्याचा इतिहास इतका जुना आहे.

मास्तर ही गोष्ट रंगवून सांगतात. ती संपल्यावर थोडी शांतता पसरते. मग काका विचारतात, "नगरला कुठे? सावेडीत का?"

मास्तर स्वतः काय बोलतात हे त्यांच्या लक्षात येत नाही, घरच्यांच्या येतं. परक्याशी बोलताना माणूस आपली भाषा मोडून, हळू करून, मोठ्याने बोलतो, या प्रकाराला चार्ल्स फर्ग्युसन या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९७१ च्या सुमारास 'फॉरिनर टॉक' असं नाव दिलं. रिक्षावाल्याशी हिंदी बोलताना आपण जे करतो तेच. चाळीस पोरांसमोर आठवड्याला वीस तास हे केलं की ते अंगात भिनतं. मास्तर आईला सांगतात, "आई. चहा. आता नको. नंतर." आणि 'आता'ला बोट जमिनीकडे, 'नंतर'ला हात पुढे गोल फिरवतात. भूतकाळ दाखवायला इंग्रजीचे मास्तर अंगठा खांद्यावरून मागे उडवतात, ही जगभरची खूण आहे. "काका, मी काल बँकेत गेलो होतो," असं म्हणत मास्तर अंगठा उडवतात आणि काका वळून मागे पाहतात.

शिवाय प्रशिक्षणात एक दंडक घोटून घेतलेला असतो: 'समजलं का?' असं कधी विचारायचं नाही. पोरं हो म्हणून मोकळी होतात. त्याऐवजी बारीक-बारीक प्रश्न विचारून खात्री करून घ्यायची. मास्तर पुतण्याला म्हणतात, "उद्या सहाला गाडी काढ, औदुंबरला जाऊ. गाडी आज काढायची का? नाही. उद्या. सकाळी का संध्याकाळी? सकाळी. कोण काढणार? मी?" पुतण्या मोबाइलमधून वर न बघता म्हणतो, "काका, मी येतच नाही."

आणि कौतुक! वहिनींची पोळी टम्म फुगली की मास्तर टाळी वाजवून "एक्सलंट!" म्हणतात. या घरात पोळीला कुणी काही म्हटल्याची नोंद नाही. वहिनी पहिले दोन दिवस मोहरून जातात, भाऊ दोन दिवस खाली मान घालून जेवतो. तिसऱ्या दिवशी मास्तर कुकरच्या शिट्टीलाही "गुड जॉब" म्हणतात आणि भाव कोसळतो.

थाई शब्दांनी तर वेगळाच घोळ घातला आहे. थाईत 'चाय' म्हणजे होय. मास्तर रॉय-एटच्या सहकाऱ्याशी फोनवर "चाय, चाय, चाय" करत असतात आणि आत आई तीन कप आधण ठेवते. नको म्हणून हात हलवत ते "माय चाय" म्हणतात, म्हणजे 'तसं नाही'. आईला वाटतं, लेकराने माय म्हणून हाक मारली आणि चहाच मागितला. थाईत पाच या आकड्याचा उच्चार 'हा', म्हणून हसू आलं की तिकडे ५५५ लिहितात. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर काकांनी पाठवलेल्या विनोदाला मास्तरांनी ५५५ असं उत्तर दिलं. काकांना ५५५ म्हणजे एकच गोष्ट ठाऊक, सिगारेट. रात्री त्यांनी मास्तरांच्या वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं, "तिकडे सवयी बिघडल्यात. लक्ष ठेव."

उच्चारांचं तसंच. थाई जिभेवर शब्दाच्या शेवटचा ल टिकत नाही, त्याचा न होतो. फुटबॉलचं फुटबॉन, अ‍ॅपलचं अ‍ॅपेन, आणि स्कूलचं साकून. सुधारता सुधारता मास्तरांचीच जीभ वळली. कराडच्या मंडईत त्यांनी एक किलो अ‍ॅपेन मागितले. फळवाला चलाख, त्याने अननस दिले. ज्यांच्या स्वतःच्या आजीने जन्मभर स्टेशनला ठेसन म्हटलं, त्या घरातली पुतणी यावर आठवडाभर हसली.

उलट, जे थाई शब्द ऐकून घरच्यांनी चकित व्हावं, ते ऐकायला कुणी थांबत नाही. तिकडे प्राथमिक शाळा म्हणजे 'प्रथोम' आणि माध्यमिक 'मथ्थयोम', म्हणजे आपले प्रथम आणि मध्यम. भाषेला 'फासा', अक्षराला 'अक्सोन', आणि शिक्षकाला 'ख्रू', म्हणजे सरळ गुरू. जूनच्या एका गुरुवारी 'वाय ख्रू' होतं, आपली गुरुपौर्णिमाच. पोरं गुडघ्यावर सरपटत येऊन गुरुजींपुढे फुलांचं तबक ठेवतात, आणि त्यात असतात दुर्वा. खऱ्या, आपण गणपतीला वाहतो त्याच. शिवाय वांग्याचं फूल, कारण ते खाली वाकलेलं असतं, नम्रतेची खूण. ज्या मास्तरांना आपल्या तालुक्यात झेडपीच्या शाळेत कंत्राटावरही घेतलं नाही, त्यांच्यापुढे चाळीस पोरं दुर्वा घेऊन वाकतात. हे सांगताना मास्तरांचा आवाज जरा बदलतो. बाकी सगळ्या लेखात त्यांची थट्टा केली, इथे नको.

नमस्कारावरून मात्र व्हायचं ते होतंच. थाई 'वाय' म्हणजे हात जोडून अंगठे नाकाला टेकवायचे आणि मान लववायची. वडीलधाऱ्यांना हा मोठाच मान. मास्तर सवयीने आत्याबाईंपुढे उभ्याउभ्या वाय करतात. आत्याबाई पाय किंचित पुढे सरकवून वाट पाहतात. पुन्हा वाय. पाय आणखी पुढे. शेवटी आत्याबाई विचारतात, "कंबर धरलीय का रे?"

पाडव्याच्या आत मास्तर पाहुणे असतात, नंतर गावचे होतात. म्हणजे कामाला लागतात. परदेशात इंग्रजी शिकवतो म्हटल्यावर गल्लीतला प्रत्येक अर्ज त्यांच्याकडे येतो. कुणाचा विम्याचा दावा, कुणाचा सोसायटीचा तक्रारअर्ज, कुणाच्या मुलाचं 'माझ्याविषयी थोडं' असं दीडशे शब्दांत. वर्षभर सातशे पोरांना "माय नेम इज" शिकवून सुट्टीला आलेल्या माणसासमोर शेजारचे आपला सातआठ वर्षांचा बाळ्या उभा करतात: "जरा इंग्लिश बोला त्याच्याशी." मास्तर कंबरेतून वाकून, मोठ्याने, हळू विचारतात, "वॉट... इज... युअर... नेम?" बाळ्या इंग्रजी माध्यमातला. तो एका दमात नाव, शाळा, तुकडी, आवडता क्रिकेटपटू सांगून मोकळा होतो. मास्तर खिशात हात घालतात आणि त्याला एक स्टिकर देतात.

याच काळात बँकेतलंही एक काम निघतं. मास्तरांनी पगाराचं पत्र आणलेलं असतं, त्यावर साल २५६८. थायलंडात बुद्धाचा शक चालतो, तो आपल्या इसवी सनाच्या ५४३ वर्षं पुढे. खिडकीमागचा माणूस पत्र उजेडात धरून पाहतो. बाट म्हणजे काय हे त्याला समजावून झालेलं असतं. तो पत्र परत करतो आणि शांतपणे म्हणतो, "सर, यायला अजून बराच वेळ आहे."

मग बॅग भरायचा दिवस येतो. येताना मास्तरांनी वाळवलेला आंबा, हत्तीची चित्रं असलेल्या विजारी आणि नाकाला लावून हुंगायच्या कांड्यांचा गठ्ठा आणला होता. कांड्या सगळ्यांना आवडल्या, विजारी वडिलांनी घातल्या आणि लगेच बदलल्या. आता उलटी वाहतूक. मेतकूट, गोडा मसाला, कुळथाचं पीठ, दोन प्रकारचं लोणचं. सुकं खोबरं विमानात नेता येत नाही, त्यातल्या तेलामुळे ते आपोआप पेट घेऊ शकतं म्हणून ते धोकादायक मालात मोडतं. आई विचारते, "चिवड्यातलं चालेल ना?" यावर घरात मोठी चर्चा होते. शेवटी वडील चिवड्यातले काप एकेक वेचून खाऊन टाकतात, विमानाच्या सुरक्षेसाठी.

आणि एक कागद मास्तर पुन्हा पुन्हा चाचपून पाहतात. थायलंडात वर्षभर राहायचा परवाना असला तरी देश सोडण्याआधी परत येण्याचा परवाना निराळा काढावा लागतो. एकदा परत यायचं तर १,००० बाट, हवं तितक्यांदा यायचं तर ३,८००. तो न काढता विमानात बसलं की मूळ परवाना तिथेच संपतो. आपल्याकडे दारातून निघताना 'जातो' म्हणायचं नसतं, 'येतो' म्हणायचं. थाई सरकार तेच म्हणायला लावतं, फक्त पावती देतं. अ‍ॅनाबाईंच्या वेळी ही सोय नव्हती.

दारात आई हातावर दही देते. मास्तर वाकून, अगदी पायाला हात लावून नमस्कार करतात, "येतो" म्हणतात, आणि अंगठा चुकून खांद्यावरून मागे उडवतात.

काचेचा ग्लास धुऊन पुन्हा कपाटात जातो. २०२६ साली लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, रविवारी, आणि शाळेचं दुसरं सत्र १ नोव्हेंबरला सुरू होतं, तेव्हा पुढची दिवाळी पुन्हा व्हिडिओ कॉलवर. ज्यांना आपल्या मास्तरांना फराळ पाठवायचा असेल त्यांनी डबा पत्र्याचा घ्यावा. गेल्या वेळी प्लॅस्टिकच्या डब्यातून निघालेली चकली रॉय-एटला पोचली तेव्हा तिची पुन्हा भाजणी झाली होती.